मालगुंडचं केशवसुतांचं घर: तिथे नेमकं बघायचं काय?

मीठगवत

जुलैत आईबाबांना घेऊन गणपतीपुळ्याला गेले होते. दर्शन आटोपलं आणि रिक्षावाले काका म्हणाले, "मालगुंडात केशवसुतांचं स्मारक आहे, दहा मिनिटांत बघून होईल." अंतर जेमतेम दोन-तीन किलोमीटर. आम्ही तिथे दोन तास होतो.

कौलारू घर, जांभ्याच्या भिंती, सारवलेली जमीन. बाहेर पाऊस धो धो लागलेला. बाबा उंच आहेत, त्यामुळे आत जाताना त्यांना वाकावं लागलं. वाकून आत गेले आणि तसेच थोडा वेळ उभे राहिले, कारण उजेडातून आल्यावर काही दिसेचना. मग हळूहळू एकेक वस्तू अंधारातून पुढे आली. पायाखालची जमीन गार. वर कौलांवर पावसाचा असा आवाज, की बोलायचं तर एकमेकांच्या जवळ जावं लागत होतं. आई पडवीच्या कडेला पागोळ्यांकडे बघत बसली आणि तिने 'तुतारी' म्हणायला सुरुवात केली. शाळेत पाठ केलेली, म्हणजे पन्नास वर्षांपूर्वीची. एकदाही अडली नाही. मी तिला कविता म्हणताना आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं.

तेवढ्यात एक कुटुंब आलं. चार माणसं, ओल्या छत्र्या. आत डोकावले, फोटो काढले आणि निघताना त्यांच्यातले एक जण म्हणाले, "ह्यात बघायचं काय? साधं घर तर आहे."

ते वाक्य मनातून जात नाही. मला त्यांचा राग आला नाही, उलट मला उत्तर देता आलं नाही याचं वाईट वाटलं. केशवसुतांचा, म्हणजे कृष्णाजी केशव दामले यांचा जन्म १८६६ चा. ३९ वर्षांचं आयुष्य, त्यातलं बहुतेक गावाबाहेर गेलेलं. कविता लिहिल्या त्या पुण्यात, मुंबईत, खानदेशात. मग या घरात नेमकं काय जपलंय? तुमच्यापैकी जे गेले असतील, जवळपास राहत असतील, त्यांनी सांगावं. मला खरंच समजून घ्यायचंय.

चिरेबंद

ताई, मी रत्नागिरी तालुक्यातलाच. आमचं घरही तसंच आहे, त्यामुळे मी घराबद्दल बोलतो. कवितेबद्दल जाणकार बोलतील.

"साधं घर तर आहे" म्हणणाऱ्यांना हे माहीत नसतं की असं घर उभं ठेवणं हे बांधण्यापेक्षा अवघड काम आहे. आमच्याकडे दर वर्षी पावसाच्या आधी शाकारणी करावी लागते. कौलं उतरवायची, शेवाळ घासून काढायचं, फुटलेली बाजूला करायची, रिपा-वाशे तपासायचे आणि पुन्हा ओळीने चढवायची. वानरं छपरावरून उड्या मारतात, त्यात किती कौलं फुटतील याचा नेम नसतो. एक कौल सरकलं तरी पाणी वाशावरून उतरत भिंतीपर्यंत येतं. जांभा पाणी पितो. एकदा का भिंत प्यायली की ती सुकायला दिवाळी उजाडते.

त्यावर लोक उपाय काय करतात, तर सिमेंटचा गिलावा. आमच्या वाडीत दोन घरांनी केला. वरून भिंत छान दिसते, पण आत शिरलेल्या ओलीला बाहेर पडायला वाट राहत नाही. चार पावसाळ्यांत गिलावा पापड सुटावा तसा सुटला. जुन्या भिंतीला चुनाच हवा.

आणि एक गोष्ट सांगतो जी कुठल्या पाटीवर लिहिलेली नसते. अशा घराला चूल लागते. चुलीचा धूर रोज माळ्यात शिरायचा, वाशांना धुराचा काळा थर बसायचा, म्हणून वाळवी आणि भुंगा लाकडाजवळ यायचा नाही. माणसं राहायची बंद झाली की धूर बंद होतो आणि दोन-चार वर्षांत लाकूड पोखरायला लागतं. म्हणून नुसतं कुलूप लावलेलं घर पडतं आणि माणसांचं घर टिकतं. स्मारक झालेल्या घराला चूल नसते. तिथे धुराचं काम माणसांनी करायचं असतं. सारवायचं, लाकूड तपासत राहायचं, दारं-खिडक्या उघडून वारा खेळता ठेवायचा. हे एका वर्षाचं नाही, दर वर्षाचं आहे.

तर तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर: तिथे बघायची ती कुणाची तरी न चुकलेली शाकारणी. जिथे कौल ओळीत बसलंय, तिथे कोणीतरी उन्हात छपरावर चढलेलं असतं.

उत्तरपक्ष

मी थोडं वेगळं बोलतो, कोणी रागावू नका.

जन्म कुठे व्हावा हे माणसाच्या हातात नसतं. केशवसुतांनी आपलं काम जिथे केलं, ती ठिकाणं वेगळी आहेत. पुण्यात न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिकले, तिथे आगरकरांच्या विचारांचं वारं लागलं. १८८९ साली मॅट्रिक झाले, म्हणजे वयाच्या तेविसाव्या वर्षापर्यंत परीक्षेशी झगडत होते. मग मुंबईत मिळेल ती नोकरी, मग खानदेशात फैजपूरला शिक्षक, शेवटी धारवाड. १९०५ च्या नोव्हेंबरात हुबळीला प्लेगने गेले, पाठोपाठ काही दिवसांत पत्नीही गेली. हयातीत त्यांना स्वतःच्या कवितांचं पुस्तक बघायला मिळालं नाही. ते हरि नारायण आपट्यांनी नंतर काढलं.

मला या शेवटच्या गोष्टीचं सगळ्यात जास्त वाईट वाटतं. ज्याचं पुस्तक त्याच्या हयातीत निघालं नाही, त्याचं स्मारक म्हणजे पुस्तकच असायला हवं. त्यांच्या सगळ्या कविता मिळून दीडशेसुद्धा होत नाहीत. शब्दार्थांसह, चांगल्या कागदावर, शाळेतल्या मुलालाही परवडेल अशी एक आवृत्ती गावोगावच्या वाचनालयांत कायम असावी, असं मला वाटतं. छप्पर शाकारण्याइतकंच हेही दर वर्षाचं काम आहे. चिरेबंद काका, तुमचं म्हणणं पटलं, पण घर म्हणजे कवी नव्हे.

मीठगवत

उत्तरपक्ष, रागावण्यासारखं काहीच नाही, माझ्याही मनात हेच घोळत होतं. पण तिथे घराशिवायही बरंच आहे, ते मी पहिल्या पोस्टमध्ये लिहायला हवं होतं. कोकण मराठी साहित्य परिषदेने हे स्मारक उभं केलं. परिषद १९९१ ची, मधु मंगेश कर्णिकांच्या पुढाकाराने सुरू झालेली, आणि स्मारकाचं उद्घाटन १९९४ मध्ये कुसुमाग्रजांच्या हातून झालं. एका कवीच्या घराचं दार दुसऱ्या कवीने उघडलं, हे मला फार योग्य वाटतं. घराच्या बाजूला आधुनिक मराठी कवितेचं दालन आहे. केशवसुतांनंतरचे कवी तिथे एकापाठोपाठ एक भेटतात, फोटो आणि सोबत कविता. म्हणजे ज्यांनी वाट पाडली त्यांचं घर आधी, आणि त्या वाटेवरून चालत आलेले शेजारच्या दालनात.

बाबा त्या दालनात अडकले. एकेका फोटोसमोर थांबून "हे मला शिकवायला होते", "ही कविता मी वर्गात शिकवली" असं चाललं होतं. (बाबा मराठीचेच शिक्षक होते.) पण मला विचाराल तर मी पुन्हा घरातच जाऊन उभी राहिले. का, ते अजून सांगता येत नाही.

खानदेशी वाटसरू

फैजपूरचा उल्लेख झाला म्हणून लिहितोय, मी त्याच भागातला.

आमच्याकडे दोन उदाहरणं आहेत आणि दोन्हींवरून वेगळं काही कळतं. बहिणाबाई चौधरींचं माहेर असोदे, जळगावपासून अगदी जवळ. त्यांचं सासरचं घर जळगावात, चौधरी वाड्यात, तिथे त्यांच्या वापरातल्या वस्तू जपल्या आहेत. तिथे गेलं की कवितेचा आणि वस्तूचा संबंध कोणाला समजावून सांगावा लागत नाही. जातं समोर असतं. दळताना ओवी यायची, शेतात काम करताना ओळी सुचायच्या. बहिणाबाईंना लिहिता येत नव्हतं. मुलाने, सोपानदेवांनी, त्या ओळी कागदावर उतरवल्या म्हणून राहिल्या आणि त्या गेल्यानंतर १९५२ मध्ये अत्र्यांनी पुस्तक काढलं. तिथे घर आणि कविता एकच आहे.

दुसरं धरणगाव, बालकवींचं जन्मगाव. १९०७ च्या जळगावच्या कविसंमेलनात सतरा वर्षांच्या त्र्यंबक बापूजी ठोमऱ्यांनी कविता म्हटली आणि बालकवी हे नाव मिळालं. अठ्ठाविसावं वर्ष पुरं व्हायच्या आत भादली स्टेशनजवळ रेल्वेखाली गेले. मी त्या मार्गाने नेहमी ये-जा करतो. भादली आलं की दर वेळी खिडकीतून बाहेर बघतो. बघायला तिथे नुसते रूळ आहेत. पण मी बघतो.

त्यावरून मला वाटतं, ठिकाण काही सांगत नाही, ठिकाण आपल्याला थांबवतं. उत्तरपक्ष, तुमच्या पुस्तकाच्या मागणीला माझा शंभर टक्के पाठिंबा आहे. केशवसुतांच्या कविता आमच्या जळगावच्या 'काव्यरत्नावली' मासिकात छापून यायच्या, हे आमच्याकडच्या किती मुलांना माहीत आहे? पण पुस्तक उघडायला हात पुढे यावा लागतो, आणि तो हात कधीकधी असं घर पुढे करतं. मीठगवत ताईंच्या आईंनी कविता पन्नास वर्षांनी म्हटली ती पुस्तक समोर ठेवून नव्हे, पडवीत बसून.

खडूफळा

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. दोन वर्षांपूर्वी सहावी-सातवीची मुलं घेऊन मालगुंडला गेले होते. पोरांसाठी केशवसुत म्हणजे "कवीचा परिचय लिहा, गुण दोन". सहलीत मुख्य आकर्षण गायवाडीचा समुद्र, स्मारक वाटेवर म्हणून.

घरात शिरायच्या आधी मी एकच काम दिलं. आत जाऊन अशा पाच गोष्टी शोधा ज्या तुमच्या घरात नाहीत. पहिल्यांदा सगळ्यांनी वस्तूंची नावं लिहिली. मग एका मुलीने वहीत लिहिलं, "बटण नाही." मी विचारलं, म्हणजे? ती म्हणाली, "बाई, संध्याकाळ झाली की इथे बटण दाबून उजेड करता येत नसणार." त्यावर पोरांची चर्चा सुरू झाली. मग हे वाचायचे कधी? दिवसा. आणि पावसात? दारात बसून. एक मुलगा खरोखर दारात जाऊन बसला, वही मांडीवर घेऊन, आणि म्हणाला, "इथे अक्षर दिसतं. आत नाही दिसत."

उत्तरपक्ष सर, पुस्तकातून मी हे शिकवू शकले नसते. १८६६ हा आकडा त्यांनी पाठ केलेलाच होता. १८६६ मध्ये अक्षर कुठे बसून दिसायचं, हे त्यांना त्या दारात कळलं.

मग बाहेर आलो. 'तुतारी' मी आधी वर्गात घेतली होती, तर म्हटलं सगळे मिळून म्हणू. पहिल्यांदा पोरं लाजली, शाळेतल्या प्रार्थनेच्या सुरात म्हणायला लागली. मी थांबवलं. म्हटलं, हा माणूस तुतारी मागतोय, स्वतःच्या प्राणाने फुंकणार म्हणतोय, तो असा हळू आवाजात मागेल का? दुसऱ्या वेळी जी म्हटली, ती रस्त्यावर ऐकू गेली असेल. तेव्हा खरं म्हणजे मलाच ती कविता नव्याने कळली. सतरा वर्षं शिकवत होते, सतरा वर्षं प्रार्थनेच्या सुरात.

परतताना गाडीत एकाने विचारलं, "बाई, केशवसुत म्हणजे केशवचा मुलगा. मग त्यांच्या आईचं नाव काय?" मला सांगता आलं नाही. वडिलांचं नाव त्यांनी आपल्या नावात कायमचं बांधून ठेवलंय, आई त्या नावात कुठे नाही. मुलांना अशा जागा बरोबर दिसतात.

पानोपानी

खडूफळा ताई, तुमच्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाला धरूनच. आपण एका माणसाचं स्मारक म्हणतो, पण घर कुटुंबाचं असतं, आणि हे कुटुंब साधं नव्हतं. केशवसुतांचे धाकटे भाऊ मोरो केशव दामले म्हणजे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' लिहिणारे. १९११ साली निघालेला तो ग्रंथ आजही मराठी व्याकरणाचा अभ्यास करणाऱ्याला टाळता येत नाही. दुसरे भाऊ सीताराम केशव दामले पत्रकार आणि लेखक. वडील शाळामास्तर, हाती पैसा बेताचाच.

एका भावाने मराठी कवितेची जुनी चौकट मोडली आणि दुसऱ्याने मराठी भाषेचे नियम बारकाईने लिहून काढले. मला यात विरोध दिसत नाही. केशवसुतांनी १८९२ मध्ये 'मयूरासन आणि ताजमहाल' हे सुनीत लिहिलं, मराठीतलं पहिलं. चौदा ओळींचं बंधन स्वतःहून घेणारा माणूस नियमांचा शत्रू नव्हता. जो नियम नुसता जुना आहे म्हणून चालत आलाय, तो त्याला नको होता. 'तुतारी' त्याच्या पुढच्याच वर्षाची.

माझी एक इच्छा आहे: केशवसुतांच्या कोणत्याही स्मरणात या भावालाही एक कोपरा मिळावा. घरात एक व्याकरणकार आणि एक कवी, दोघेही मास्तरच्या पगारावर वाढलेले. हे मुलांना सांगण्यासारखं आहे.

उत्तरपक्ष

खडूफळा ताई, तुमची पोस्ट दोनदा वाचली. "इथे अक्षर दिसतं" हे मी विसरणार नाही.

माझं म्हणणं मी सोडत नाही, आवृत्ती हवीच. पण एक भर घालतो. रात्री 'नैर्ऋत्येकडील वाऱ्यास' काढून वाचली. अनेक वर्षांनी. गावापासून लांब राहणारा मुलगा वाऱ्याशी बोलतो, तू तिकडून आलास, माझ्या घरावरून आलास. मी आजवर ती कल्पना म्हणून वाचली होती. काल नकाशा उघडला. पुण्यावरून नैर्ऋत्येला बोट सरकवत नेलं तर ते कोकणच्या किनाऱ्यावरच जातं. पावसाळ्यात देशावर येणारा वारा खरोखर त्या घरांवरून, त्या माडांवरून येतो. म्हणजे त्यांनी अलंकार केला नव्हता, भूगोल सांगितला होता.

मीठगवत, तुम्ही जुलैत गेलात. तुम्ही त्या वाऱ्यातच उभ्या होतात.

मीठगवत

उत्तरपक्ष, तुमची पोस्ट आईला वाचून दाखवली. तिने लगेच पुस्तक मागितलं. घरात नव्हतं, म्हणून तुमची आवृत्तीची मागणी आता आमच्या घरातूनही आहे असं समजा.

आरेवारे

जाणाऱ्यांसाठी थोडक्यात. रत्नागिरीहून आरे-वारेच्या किनाऱ्याने गेलात तर गणपतीपुळे साधारण २५ किलोमीटर, रस्ता सुंदर, पण पावसात वळणांवर जपून. महामार्गावरून येणार असाल तर निवळीला वळा. पुढे जयगड आणि कऱ्हाटेश्वर त्याच बाजूला आहेत, पण कृपा करून सगळं एका दिवसात कोंबू नका. स्मारक सकाळी करा, डोकं ताजं असताना. गणपतीपुळ्यात सुट्टीच्या दिवशी गर्दी असते, मालगुंडात त्या मानाने कमी. आणि ७ ऑक्टोबर हा केशवसुतांचा जन्मदिवस मानला जातो. जन्मतारखेबद्दल अभ्यासकांत एकमत नाही, पण त्या सुमाराला पाऊस सरत आलेला असतो आणि सगळं हिरवं असतं.

चिरेबंद

खडूफळा ताई, एक विनंती. पुढची सहल एप्रिल-मेच्या सुमाराला जमली तर आमच्याकडे आणा मुलांना. त्यांना सुट्टी असते, पण ज्यांना जमेल त्यांना. शाकारणी तेव्हाच चालते. कौलं उतरवलेलं घर कोणी बघितलेलं नसतं. वाशांमधून आभाळ दिसतं आणि माजघरात, जिथे वर्षभर अंधार असतो, तिथे जमिनीवर उन्हाच्या पट्ट्या पडतात. माझी आजी त्या चार दिवसांत मुद्दाम माजघरात बसून तांदूळ निवडायची. म्हणायची, बारा महिन्यांचा उजेड आत्ताच घेऊन ठेवते. त्या पोरीला म्हणावं, बटण नसलेल्या घरात उजेड कधी येतो ते बघायला ये.

मीठगवत ताई, तुम्हीही या. बाबांना सांगा, आमचंही दार बुटकंच आहे.

मीठगवत

काका, नक्की येतो. बाबा म्हणतात वाकायची सवय झाली आता. आईने 'नैर्ऋत्येकडील वाऱ्यास' पाठ करायला घेतली आहे, एकसष्टाव्या वर्षी. पहिली दोन कडवी झाली. तुमच्या अंगणात म्हणेल.